पाळकसाहेबांच्या नावाने आलेला मेल

पवित्र आठवड्यातला मंगळवार. दुपारी मोबाईलवर इंग्रजीत मेल आला, वर आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांचं नाव. मीटिंगमध्ये आहे, फोन घेता येणार नाही, एक काम होतं. मी लगेच "सांगा साहेब" म्हणून कळवलं. मंडळीतल्या कॅन्सरच्या पेशंटना ईस्टरची भेट द्यायची आहे, दोन-दोन हजारांची पाच गिफ्ट कार्डं ऑनलाइन घ्या, कोड पाठवा, संध्याकाळी पैसे देतो. कुणाला सांगू नका, सरप्राईज आहे.

मी बेळगावजवळच्या एका लहान मंडळीची सेक्रेटरी, निवृत्त शिक्षिका. आजाऱ्यांचं काम आणि साहेबांचा शब्द. नाही कशी म्हणणार? दहा हजार गेले. वीस मिनिटांत पुन्हा मेल : आणखी पाच.

तेव्हा 'डिअर सिस्टर'वर नजर अडली. साहेब मला कायम "बाई" म्हणतात. फोन लावला. ते गुड फ्रायडेच्या गाण्यांचा सराव घेत होते, मागे पेटी ऐकू येत होती. "कुठला मेल, बाई?"

सगळे म्हणाले, साहेबांचं अकाउंट हॅक झालं, पासवर्ड बदला. पण त्यांच्या अकाउंटला कुणी हातही लावला नव्हता. मेलवर दिसणारं नाव कुणीही काहीही ठेवू शकतो. नावावर बोट दाबलं तेव्हा खालचा पत्ता दिसला : साहेबांचं नाव, पुढे 'चर्च' आणि तीन आकडे. आमचे मेल-पत्ते त्या भामट्यांना मिळाले कुठून? बहुतेक आमच्याच फेसबुक पानावरून. वार्षिक अहवालाची पीडीएफ तिथे होती, कमिटीतल्या प्रत्येकाचं नाव, हुद्दा, नंबर, मेल, सगळं त्यात. ती आता काढली.

सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर फोन केला, सायबर क्राईम पोर्टलवर तक्रार नोंदवली, मग बेळगावच्या सीईएन, म्हणजे सायबर गुन्हे बघणाऱ्या, पोलीस ठाण्यात गेले. शेजारच्या मुलीने अर्ज कन्नडमध्ये लिहून दिला. खात्यातून खात्यात गेलेले पैसे लगेच कळवलं तर कधी कधी अडवता येतात, म्हणून पहिला फोन 1930 लाच करा. माझे कोड मात्र तोवर वापरून झाले होते. मेल डिलीट करू नका, पोलीस तोच मागतात.

कमिटीने ठरवलंय : मंडळीचा पैसा मेलवर किंवा व्हॉट्सॲपवर कुणी मागणार नाही. मागितलाच, तर आपल्याकडच्या जुन्या नंबरवर फोन करून आवाज ऐकल्याशिवाय रुपयाही द्यायचा नाही. मेलमध्ये दिलेल्या नंबरवर नाही. ईस्टरच्या उपासनेत सूचना वाचताना मी उभी राहून हे सगळं सांगितलं. लाज वाटत होती, आवाज कापत होता.

बाहेर आल्यावर कमिटीतल्या दोघांनी सांगितलं, तोच मेल त्यांनाही आला होता. सरप्राईज म्हणून गप्प राहिले. तिसऱ्या एक आजी. सगळे पांगेपर्यंत थांबल्या आणि माझा हात धरून म्हणाल्या, "बाई, माझे चार हजार गेले. मुलाला सांगितलं नाही अजून." सोमवारी सकाळच्या बसने आम्ही दोघी ठाण्यात गेलो.