आपत्कालीन बॅगेत कोणती विजेरी: चार्जिंगची की सेलची?

भाची आपत्कालीन बॅग भरायला बसली आणि विजेरीपाशी अडली. चार्जिंगची घ्यावी की सेलची? खोक्यावरचे लुमेनचे, म्हणजे उजेड किती ते सांगणारे, आकडे मी बघतच नाही. अंधारात जिना उतरायला साध्या एलईडीचा उजेड पुरतो.

खरा प्रश्न पडून राहण्याचा. चार्जिंगवालीतली लिथियम-आयन बॅटरी नुसती ठेवली तरी हळूहळू उतरते आणि पार रिकामी पडून राहिली तर कायमची खराब होऊ शकते. म्हणजे दर तीन-चार महिन्यांनी चार्जिंगला लावायची आठवण हवी. ती कोणाला राहते! अल्कलाइन सेल पाकिटात साधारण ५ ते १० वर्षं टिकतात. पण विजेरीत घालून विसरलात की गळतात, आतली स्प्रिंग गंजते. म्हणून सेल वेगळे, पण त्याच बॅगेत ठेवायचे.

वीज दोन-चार दिवस गेली तर सेल बदलले की झालं. चार्जिंगवालीला पॉवर बँक किंवा सौर पॅनेल लागतं. खर्चात मात्र रोजच्या वापराला चार्जिंगवालीच परवडते.

तेव्हा रोज हाताशी लागणार असेल तर चार्जिंगची, वर्षातून एकदा उघडणाऱ्या बॅगेसाठी सेलची. भाचीने दोन्ही घेतल्या. तेही चालेल.