वर्गणी भरावी की अनामत घ्यावी?

पॅकेजिंगच्या कचऱ्याचा खर्च उत्पादकाने उचलायचा की नाही, हा वाद आता जुना झाला. १९९० मध्ये स्वीडनच्या थॉमस लिंडक्विस्ट यांनी ही कल्पना मांडली, जर्मनीने १९९१ मध्ये ती पॅकेजिंगच्या नियमांत आणली आणि युरोपीय संघाने २०२४ अखेरपर्यंत सगळ्याच पॅकेजिंगला लागू करायचं ठरवलं. हाताशी निवड उरते ती पैसे कुठल्या वाटेने जावेत एवढीच: उत्पादकांच्या सामायिक संस्थेला वजनावर वर्गणी भरायची, की ग्राहकाकडून अनामत घेऊन आपली बाटली आपणच परत मागवायची? मी काचेच्या बाटलीत द्रव साबण भरून विकतो आणि दोन्ही करून पाहिलं आहे.

वर्गणीत डोक्याला ताप कमी, हे आधीच मान्य करतो. किती किलो काच, किती प्लॅस्टिक, किती कागद बाजारात सोडला ते भरायचं, बिल चुकतं करायचं; गोळा करणं, निवडणं, वितळवणं संस्था बघते. माल दूरवर जात असेल किंवा पाउचमध्ये असेल, तर दुसरा इलाजही नाही. रिकामा पाउच परत आणून देणारा ग्राहक मला तरी भेटलेला नाही.

मला खटकलं ते त्या फॉर्ममध्ये. बाटलीला रकाना, झाकणाला रकाना, लेबलला रकाना. लेबलच्या गोंदाला नाही. बरोबरच आहे, त्याचं वजन ते किती! पण बाटली धुवायला घेतली की सगळं अडतं ते त्या गोंदापाशीच. आमच्याकडे परत आलेल्या बाटल्या गरम सोड्याच्या पाण्यात भिजवल्या, तर कागद सुटून वर तरंगला आणि काचेवर पिवळट चिकटा तसाच राहिला. बोट लावलं की तार सुटायची. घासणीने जाईना, पात्याने खरवडावा तर नखांत जाऊन बसे. शेवटी पाण्यात सुटणारा गोंद घेतला, लेबलही लहान केलं. वर्गणीच्या हिशेबात हे करायला मला काही कारणच नव्हतं. बिल एका पैशानेही उतरलं नसतं.

वजनावर चालणाऱ्या पद्धतीची ही खोडच म्हणा. जाड काच महाग पडते आणि धड वेगळा न करता येणारा बहुस्तरीय पाउच हलका म्हणून स्वस्तात सुटतो. पुनर्चक्रणाला सोप्या पॅकेजिंगला कमी दर लावावा, असं युरोपच्या २०१८ च्या सुधारणांत आलं आहे खरं. ते गोंदापर्यंत कधी पोचेल, देव जाणे.

अनामतीचे व्याप थोडे नाहीत. रिकाम्या बाटल्यांना जागा लागते, फूटतूट होते, आंबट वास येतो, कुणी झाकणाशिवायच आणून देतं. शिवाय घेतलेली अनामत ही आपली कमाई नव्हे, देणं आहे. तिचं खातं वेगळं ठेवावं लागतं. पण बाटल्या परत येण्यात उत्पादकाचाच फायदा असला की तो धडपडतो. नॉर्वेत पेयांच्या डबे-बाटल्यांवरचा पर्यावरण कर परतीच्या प्रमाणात उतरत जातो आणि ९५ टक्क्यांना शून्य होतो. जर्मनीत पुन्हा भरल्या जाणाऱ्या पॅकेजिंगला सामायिक संस्थेची सक्ती नाही. तुमच्याकडे अशी सूट आहे का, ते आधी पाहा. नसेल तर दोन्हीकडून खर्च बसेल आणि मग माझं गणित तुम्हाला लागू पडणार नाही.

प्रत्येकाचा धंदा वेगळा, त्यामुळे छातीठोकपणे सांगत नाही. तरी माल टणक बाटलीत असेल आणि माल पोचवणारी गाडी त्याच दुकानांवरून रिकामी परतत असेल, तर मी अनामतीनेच सुरुवात करेन. पाउच आणि बाहेरच्या खोक्यांपुरती वर्गणी. अनामतीची रक्कम मात्र नव्या बाटलीच्या किमतीच्या जवळपास ठेवा. फार कमी ठेवली तर लोक ती सोडून देतात, बाटली कचऱ्यात जाते आणि ते पैसे कुणाचे यावरून दुकानदाराशी हुज्जत सुरू होते.