घरातला अबोला फोडायचाय, मग कोणती फॅमिली थेरपी घ्यायची?

रावेर-यावल पट्ट्यातलं एखादं केळीवालं घर घ्या. सासरे आणि मोठा मुलगा यांचं बोलणं बंद, सगळे निरोप सुनेमार्फत, "नानांना सांग ठिबकचं बिल भरलं", "त्याला सांग उद्या कटाईला गाडी येतेय", आणि या निरोपानिरोपीत डोकं उठतं तिचंच. आता जळगावला जाऊन किंवा व्हिडिओ कॉलवर थेरपिस्ट गाठायचं ठरलं तर पुढे दोन वेगळे रस्ते आहेत, फरक आधीच माहीत असलेला बरा.

एक रस्ता मरे बोवेन या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाचा. यात तीनेक पिढ्यांचा नकाशा काढतात, जेनोग्राम म्हणतात त्याला, वाटण्या कधी झाल्या, कोण कुणाशी बोलायचं बंद झालं, सगळं कागदावर. मग कधी दिसतं की आजोबा आणि त्यांचे भाऊ पण बांधावरून असेच तुटले होते. दोघांत ताण आला की तिसऱ्याला मधे ओढतात, बोवेन याला त्रिकोण म्हणतो, आणि आपली सून त्यातलं तिसरं टोक. हे सगळ्यांसमोर आलं की "हीच लावालाव्या करते" हा ठपका सैल पडायला लागतो, आणि ते फार मोलाचं आहे. पण वेळ लागतो, बरेचदा महिने.

दुसऱ्या रस्त्यामागे प्रॅग्मॅटिझम या अमेरिकन तत्त्वज्ञानाचा विचार दिसतो. पर्स, विल्यम जेम्स, जॉन ड्यूई ही त्यातली मोठी नावं (ड्यूई म्हणजे कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेबांना शिकवणारे). एखादा विचार प्रत्यक्षात काय फरक पाडतो त्यावरून त्याची पारख करायची, असं यांचं म्हणणं. कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टोच्या गटाने याच वळणाची थेरपी १९६० च्या दशकात १० सेशनमधे बसवली, त्यांचा मुख्य प्रश्न असा की भांडण मिटवायला तुम्ही जे करताय त्यानेच ते टिकून राहतंय का? आपल्या घरात उत्तर समोरच आहे, वाद नको म्हणून सुरू केलेले निरोप. पुढे स्टीव्ह डी शेझर आणि इन्सू किम बर्ग या थेरपिस्टांनी १९७८ मधे अमेरिकेतल्याच मिलवॉकीत केंद्र काढलं, त्यांच्या पद्धतीत आकडा विचारतात, ० ते १० मधे घर आज कुठंय? सून म्हणते २. बरं, ३ झालं तर काय वेगळं दिसेल? "नाना कटाईचं त्यांना स्वतः सांगतील." बस, पुढच्या आठवड्याला एवढंच करून बघायचं, जमलं तर वाढवायचं, नाही तर दुसरं काहीतरी.

माझं मत सांगतो, हंगामात पुरुष मंडळी दोन-चारच्या वर सेशनला येणार नसतील तर दुसऱ्या रस्त्याने सुरू करा. तेच भांडण मिटून मिटून परत उभं राहत असेल तर मात्र नकाशा काढाच. बरेच थेरपिस्ट दोन्ही मिसळून वापरतात, त्यात काही वावगं नाही. सासूबाई लेवा गणबोलीत (या पट्ट्यातली बोली) किंवा अहिराणीतच मोकळ्या होत असतील तर ती समजणारा माणूस बघा, हे मी पद्धतीच्याही आधी धरेन.

पण "फरक पडला" हे कुणाच्या तोंडून ऐकायचं? सून गप्प बसली की घर शांत होतं, नाना ८ म्हणतात आणि ती २ वरच असते. परिणाम बघायचा तर तो ज्याच्या-ज्याच्यावर होतो त्या प्रत्येकाला विचारायला नको का, एकट्या कर्त्या माणसाच्या समाधानावर थेरपी यशस्वी ठरवली तर त्याला प्रॅग्मॅटिझम म्हणूच नये. आणि मारहाण होत असेल तर दोन्ही रस्ते बाजूला ठेवा, एकत्र सेशन नकोच, आधी तिची सुरक्षितता, महिला हेल्पलाइन १८१. थेरपिस्टपर्यंत लगेच पोचता येत नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ मोफत आहे, चोवीस तास.

फी विचारायला फोन कराल तेव्हाच हेही विचारा, "आमच्यात सुधारणा होतेय की नाही हे तुम्ही कुणाकुणाला विचारता?" प्रत्येकाला वेगवेगळं विचारतो असं म्हणाले तर अपॉइंटमेंट घ्या.