प्रकाश-सावली संच: घ्या, पण टॉर्च बदला

कोल्हापुरात शालेय साहित्याच्या दुकानात मिळणारा हा संच तिसरी ते पाचवीसाठी खरंच उपयोगी आहे. फक्त त्यातला टॉर्च कामाचा नाही. त्यात सहा एलईडी आहेत. प्रत्येकाची वेगळी सावली पडते, सावल्या एकमेकींवर चढतात आणि कड धूसर होते. मग मुलांनी पट्टी लावायची कुठे? एकाच एलईडीचा टॉर्च घ्या. मोबाईलचा फ्लॅशही चालतो, दोन दिवे असतील तर एकावर काळी टेप लावा.

एवढं केलं की संचातली बाहुली कमाल करते. पडद्यापासून ६० सेंमीवर दिवा ठेवा. ५ सेंमी उंचीची बाहुली दिव्यापासून ३० सेंमीवर धरली की सावली १० सेंमी, २० वर १५ आणि १५ वर थेट २०! दिव्यापासून बाहुलीचं अंतर निम्मं, सावली दुप्पट, हे मुलं स्वतः मोजून सांगतात. दिवा आणि बाहुलीचा मध्य दोन्ही टेबलापासून १२ सेंमी उंच हवेत, नाहीतर मोठ्या सावलीचे पाय टेबलावरच पडतात आणि माप चुकतं.

छिद्रांच्या तीन कार्डांची छिद्रं एका रेषेत नाहीत. कार्डं एकावर एक ठेवून दाभणाने पुन्हा टोचा. मधलं कार्ड जरासं सरकलं तरी पडद्यावरचा ठिपका जातो. अंबाबाईच्या किरणोत्सवात मूर्तीपर्यंत येणाऱ्या मावळतीच्या किरणांच्या वाटेतले अडथळे का काढावे लागतात, हे इथे मुलांना चटकन कळतं.

पारदर्शक, अर्धपारदर्शक, अपारदर्शक तुकडे ठीकठाक.

पुस्तिकेत मात्र एक चूक आहे, ती वर्गात जाण्याआधी खोडा. ‘दुपारी १२ वाजता सावली सर्वांत लहान’ हे कोल्हापूरला लागू नाही. आपलं घड्याळ ८२.५ अंश रेखांशाचं, आपण त्याच्या पश्चिमेला, ७४ अंशांच्या जवळ. त्यामुळे इथली मध्यान्ह, म्हणजे सूर्य सर्वांत उंच असण्याची वेळ, नोव्हेंबरच्या सुरुवातीला १२.१७च्या आसपास, तर फेब्रुवारीच्या मध्यास १२.४७च्या सुमारास होते. मैदानात काठी रोवून १२ ते १ दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाला खडूने खूण करायला लावा. वर्षातला बहुतेक काळ सर्वांत आखूड सावली उत्तरेकडे पडते. मेच्या पहिल्या आठवड्यात ती काठीच्या बुडाशी नाहीशी होते, आणि तिथून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत चक्क दक्षिणेकडे वळते. जूनमध्ये शाळा उघडल्यावर ऊन मिळालं की लगेच हा प्रयोग उरका, कारण पुढे पाऊस उसंत देत नाही.