खुनानंतर मागे राहिलेल्यांसाठी: पीडित भरपाई सेवेचा अनुभव

शेजारच्या काकूंच्या कमावत्या मुलाचा खून झाला, तेव्हा त्यांच्यासोबत मी मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात गेले. २००९ पासून लागू झालेल्या आणि आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याच्या) कलम ३९६ मध्ये असलेल्या तरतुदीनुसार, आरोपीचा शोध लागला नसला तरीही मृताच्या अवलंबितांना भरपाईसाठी अर्ज करता येतो, हे तेथील वकीलबाईंनी काकूंना खुर्चीवर बसवून, पाणी देऊन, दोनदा समजावले. तो जिव्हाळा मी विसरणार नाही. कायद्याने भरपाईच्या अर्जावरील चौकशीला दोन महिन्यांची मुदत दिली असताना आम्हाला मात्र बराच अधिक काळ थांबावे लागले. समुपदेशनाची सोय तिथेच असती, तर काकूंना रात्री झोप लागली असती. अशा कुटुंबांनी १५१०० या विधी सेवेच्या मदतवाहिनीवर अवश्य विचारणा करावी.