यूकॉनचे तीन हंगाम : आधी कुठला बघाल?

रोज रात्री जेवणं आटोपल्यावर जुने सामने लावून बसायचंय, पण वेळ एकाच संघापुरता आहे, असं कुणी म्हणालं की मी यूकॉन सुचवतो. म्हणजे अमेरिकेतल्या कनेटिकट विद्यापीठाचा पुरुष बास्केटबॉल संघ. २०२२ ते २०२५ या तीन हंगामांत प्रशिक्षक एकच, डॅन हर्ली. अ‍ॅलेक्स काराबानही तिन्ही वर्षं संघात. बाकीची मंडळी मात्र भराभर बदलली.

खेळ समजून घ्यायचा असेल तर थेट २०२३-२४ लावा. ३७ विजय, ३ पराभव आणि सलग दुसरं राष्ट्रीय विजेतेपद. त्याआधी असं सलग दोनदा जिंकायला फ्लोरिडाला जमलं होतं, २००६ आणि २००७ मध्ये. पहिल्यांदा इलिनॉयविरुद्धचा सामना बघा. २३-२३ अशी बरोबरी, आणि तिथून यूकॉनचे सलग ३० गुण. तेवढ्या वेळात इलिनॉयचा भोपळा! बास्केटखाली ७ फूट २ इंचांचा डोनोव्हन क्लिंगन उभा, आणि तरीही समोरचे पुन्हा पुन्हा त्याच्याच अंगावर जातायत. बघताना आपल्यालाच ओरडावंसं वाटतं, अरे बाहेरून मारा!

पर्ड्यूविरुद्धची अंतिम लढत आपल्याकडे गुढीपाडव्याच्या सकाळी आली होती. पर्ड्यूच्या धिप्पाड झॅक एडीने एकट्याने ३७ गुण केले आणि संघ १५ गुणांनी हरला. कसा? एडीला रोखायला एकच माणूस, बाकीचे चौघे आपापल्या नेमबाजाला चिकटून. पर्ड्यूला पूर्ण सामन्यात थ्री-पॉइंटर, म्हणजे लांबून तीन गुणांसाठीचा नेम, जेमतेम ७ वेळा धरता आला, त्यातला १ बास्केटमध्ये पडला. ४० मिनिटं चेंडूकडे न बघता बाकीच्या चौघांकडे बघा, बचाव म्हणजे काय ते कळेल.

२०२२-२३ चंही विजेतेपद यूकॉनचंच, पण वाट खडबडीत. सुरुवातीचे १४ सामने जिंकले, मग ८ पैकी ६ हरले. राष्ट्रीय विजेता ठरवणाऱ्या मार्चच्या नॉकआउटमध्ये मात्र सहाही सामने किमान १३ गुणांच्या फरकाने खिशात. मालीचा अदामा सानोगो त्या दिवसांत रमजानचे रोजे ठेवून खेळत होता. क्लिंगन तेव्हा राखीव. संघ आवडेल, पण सामने एकतर्फी आहेत. थरार हवा असेल तर इथे मिळणार नाही.

थरार २०२४-२५ मध्ये आहे, आणि हा हंगाम लोक उगाच टाळतात. क्लिंगन आणि स्टेफॉन कॅसल एनबीएत, म्हणजे व्यावसायिक लीगमध्ये गेले, संघाची घडी विस्कटली, २४ विजय आणि ११ पराभव. हवाईतल्या माउई स्पर्धेत तर तीन दिवसांत तीन हार. तिसरी सोडा, पहिल्या दोन मिळून ३ गुणांनी गेल्या. नॉकआउटच्या दुसऱ्या फेरीत फ्लोरिडाने ७७-७५ असं हरवलं. पुढे विजेतेपदही फ्लोरिडानेच नेलं.

म्हणून माझा क्रम : आधी २०२३-२४ चं नॉकआउट, मग २०२४-२५ मधले मेम्फिस आणि फ्लोरिडाविरुद्धचे दोनच सामने, उरलेल्या वेळात २०२२-२३. मेम्फिसचा सामना, म्हणजे माउईतली पहिली हार, शनिवारी लावा. तो ओव्हरटाइममध्ये जातो, आणि बरोबरी असताना पंचांच्या निर्णयावर हर्ली चक्क कोर्टाकडेला आडवे होतात, वर टेक्निकल फाउल, म्हणजे गैरवर्तनाचा दंड, ओढवून घेतात. ते एकदा मागे नेऊन पुन्हा बघितल्याशिवाय झोप येत नाही.