कॅलिफोर्नियाची ऑनलाइन वोटर नोंदणी, ऑप्शन : 'पक्ष नाही' (दहा वर्षं वापरून, साडेतीन स्टार)

आधीच सांगतो, हा रिव्ह्यू सरकारी सर्व्हिसचा आहे पण ती मी अशी का वापरतो ते सांगितल्याशिवाय त्याला काही अर्थ नाही, त्यामुळे थोडं घरचं आणि थोडं चर्चचं पण येणार. ज्यांना फक्त फॉर्म कसा भरायचा ते हवंय त्यांनी पुढचे दोन पॅरा वाचा आणि सुटा.

२०१५ ला ओकलंडच्या पॅरामाउंट थिएटरमध्ये नागरिकत्वाची शपथ घेतली, घरी येऊन चहा टाकला आणि लॅपटॉप उघडला. फॉर्म खरंच सोपा. ड्रायव्हिंग लायसन्सचा नंबर, सोशल सिक्युरिटी म्हणजे इथल्या सरकारी ओळख नंबराचे शेवटचे चार आकडे, जन्मतारीख, पत्ता. सही तर डीएमव्हीकडे, म्हणजे लायसन्स देणाऱ्या खात्याकडे असते तीच उचलतात. चहा निवायच्या आत सगळं झालं, अडलो फक्त एका प्रश्नावर, पक्ष कोणता?

आता इथे नीट लक्ष द्या. पक्षांची यादी एबीसीडीने आहे आणि पहिलंच नाव 'अमेरिकन इंडिपेंडंट'. मला वाटलं हेच आपलं, अमेरिकन पण झालो आजच आणि इंडिपेंडंट पण आहोतच! क्लिक करणार तेवढ्यात बायको म्हणाली अहो थांबा, हा आख्खा वेगळा पक्ष आहे. खरंच आहे. १९६८ ला जॉर्ज वॉलेस, म्हणजे काळ्या-गोऱ्यांच्या वेगळ्या शाळा टिकवायला निघालेला अलाबामाचा माजी गव्हर्नर, याच पक्षाकडून प्रेसिडेंटला उभा होता. लॉस एंजलिस टाइम्सने २०१६ ला या पक्षाच्या मतदारांना फोन करून विचारलं तर चारातले जवळपास तीन जण चुकून आत आलेले निघाले, त्यांना वाटत होतं आपण कुठल्याच पक्षात नाही. तर आपल्याला हवं ते 'नो पार्टी प्रेफरन्स', इकडे सगळे एनपीपी म्हणतात. राज्यातले साधारण पाचातला एक मतदार यात आहे, म्हणजे आपण काही जगावेगळं करत नाही.

बरं, आता का.

मी नगरचा, मराठी ख्रिस्ती. आमच्या घरी नाताळात सगळ्या पक्षांची माणसं करंज्या आणि केक खाऊन जायची, आजोबा सगळ्यांना बसा म्हणायचे आणि मत कुणाला दिलं ते आजीलाही सांगायचे नाहीत. त्यामुळे इकडे आलो तेव्हा मला कळेचना की चर्चमध्ये ओळख झाल्यावर तिसऱ्या वाक्याला लोकांना तुमचा पक्ष कसा काय माहीत असतो. म्हणजे विचारत नाहीत, धरूनच चालतात. इंग्लिश उपासनेला जातो तिथले एक काका धरून चालतात की ख्रिस्ती म्हणजे रिपब्लिकनच. ऑफिसातले धरून चालतात की ब्राऊन, इमिग्रंट, बे एरियात (सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास) राहतो म्हणजे डेमोक्रॅटच. मी कुठल्याच पक्षात नाही म्हटलं की दोघांनाही वाईट वाटतं.

माझा प्रॉब्लेम साधा आहे. दोन्हीकडे फक्त थाळी मिळते, सुटं काही मिळत नाही. आणि थाळीतली एक वाटी अशी असते की ती मला देवासमोर बसून खाता येणार नाही.

उदाहरण देतो, नुसत्या गप्पा नकोत. २०१६ ला प्रॉपोझिशन ६२ आलं (प्रॉपोझिशन म्हणजे थेट मतदारांनाच विचारलेला हो-नाहीचा प्रश्न), फाशीची शिक्षा रद्द करायची का. मी हो म्हटलं. जीव देणारा देव, घेणारं सरकार कोण? डेमोक्रॅटिक पक्ष पण हो म्हणत होता, रिपब्लिकन नाही म्हणत होते, आणि ते पडलं. मग २०२२ ला प्रॉपोझिशन १, गर्भपाताचा हक्क राज्याच्या घटनेत घालायचा. मी नाही म्हटलं, त्याच कारणासाठी, अगदी त्याच वाक्यासाठी. या वेळी माझ्या बाजूला रिपब्लिकन, समोर डेमोक्रॅट, आणि ते मोठ्या फरकाने पास झालं. म्हणजे दोन्ही वेळा हरलो ते सोडा, पण मी कुठे हललो? मी एकाच जागी उभा होतो, पक्षांची रेघ माझ्या इकडून तिकडे गेली.

आणि मग उपऱ्यांचं. शास्त्रात किती वेळा येतं, उपऱ्याला छळू नका, तुम्हीही मिसर देशात उपरेच होता. आम्ही तर अक्षरशः उपरे, दोन सुटकेसवाले. निर्वासितांना अमेरिकेत घ्यायची वर्षाची मर्यादा सव्वा लाखावरून २०२६ साठी साडेसात हजारावर आणली तेव्हा माझ्या ओळखीच्या एकाही प्रार्थनागटात, जिथे गर्भपातावर तासभर प्रार्थना होते, तिथे त्यावर पाच मिनिटं पण प्रार्थना झाली नाही. उलट जिथे त्यावर मोर्चा निघाला तिथे न जन्मलेल्या बाळाचं नाव काढायची सोय नाही. दोन्हीकडे चांगली माणसं आहेत हं, मी त्यांच्याबरोबर जेवतो. पण पक्षाचा बिल्ला लावला की आपल्या लोकांचं चुकलं हे म्हणताना जीभ जड होते, हे मी स्वतः बघितलंय, काकांचंही आणि ऑफिसातल्यांचंही.

आमच्या मराठी प्रार्थनेतली एक मावशी म्हणाली, अरे हे तुझं तळ्यात-मळ्यात झालं, दोन डगरींवर पाय ठेवणारा मधे पडतो. मी म्हटलं मावशी, यहोशवाची गोष्ट आठवा की. यरीहोजवळ तो तलवार उपसलेल्या माणसाला विचारतो तू आमचा की शत्रूचा, आणि उत्तर येतं नाही, मी परमेश्वराच्या सैन्याचा सेनापती. मावशी म्हणाली, तू सेनापती नाहीयेस, चहा घे. पॉइंट आहे.

परत सर्व्हिसकडे. चांगलं काय, तर सिनेटर, गव्हर्नर वगैरेंच्या प्रायमरीत (मुख्य निवडणुकीआधीची चाळणी फेरी) एनपीपीवाल्याचं काहीही बिघडत नाही, २०१२ पासून सगळे उमेदवार एकाच कागदावर असतात आणि पहिले दोन पुढे जातात. मतपत्रिका घरी पोस्टाने येते, आणि ती पोचली, मोजली याचा मेसेज मोबाईलवर हवा असेल तर तशी नोंदणी करता येते. शिवाय राज्याचं माहितीपुस्तक येतं, प्रत्येक प्रॉपोझिशनच्या बाजूचं आणि विरुद्धचं म्हणणं समोरासमोर छापलेलं. मी आणि बायको ते टेबलावर घेऊन बसतो, एकदा प्रार्थना करतो आणि मग भांडतो. आमची मतं पण जुळत नाहीत सगळी.

स्टार का कापले? एक तर त्याच पहिल्या-दोघांच्या पद्धतीमुळे शेवटी एकाच पक्षाचे दोघं उरू शकतात, २०१६ ला सिनेटसाठी कमला हॅरिस आणि लोरेटा सँचेझ, दोघी डेमोक्रॅट, मग घ्या काय घ्यायचं ते. दुसरं, पक्ष नाही म्हटलं की प्रचारवाले सोडतात असं समजू नका, मतदारयादी त्यांना मिळते, त्यामुळे निवडणुकीच्या आधी पत्रपेटी दोन्हीकडच्या चकचकीत कागदांनी भरते. लग्नात ना वरपक्षाचा ना वधूपक्षाचा, पण मानपानाला दोघांनाही हवा, अशी गत.

तिसरं मोठं, त्याचाच अर्धा स्टार जास्त कापला. प्रेसिडेंटच्या प्रायमरीत प्रत्येक पक्ष आपापला उमेदवार निवडतो, त्यामुळे तिथे एनपीपीवाल्याला आपोआप काही मिळत नाही. डेमोक्रॅट त्यांची मतपत्रिका देतात पण मागावी लागते, रिपब्लिकन देतच नाहीत, त्यांच्यात मत द्यायचं तर पक्ष बदलून नोंदणी करा. मागायचं एक कार्ड पोस्टाने येतं. २०२० ला ते मी पिझ्झाच्या कुपनांबरोबर रीसायकलमध्ये टाकलं, चूक माझीच, आणि मार्चमध्ये पाकीट उघडलं तर बाकी सगळ्या निवडणुका होत्या आणि प्रेसिडेंटची जागाच नाही. २०२४ ला कार्ड आल्या आल्या फ्रिजला चिकटवलं, तर बायकोने त्यावर दूधवाल्या दुकानाची यादी लिहिली.